फुटक्या मडक्यांची पीएच.डी.

माझ्या कपाटात वरच्या फळीवर अकरा वह्या आहेत. डावं पान मोजमापांसाठी आणि उजवं पान ‘इतर’साठी, अशी मी पहिल्या दिवशीच शिस्तीत आखणी केली होती. आज त्या वह्या उघडल्या की डावी पानं बरीचशी कोरी सापडतात आणि उजव्या पानांवरचा मजकूर समासात चढलेला असतो, समासातून पुठ्ठ्यावर गेलेला असतो! किस्से असेच साठतात. त्यांच्यासाठी जागा ठेवावी लागत नाही. गणपतीला आलेल्या पाहुण्यांसारखे ते आपापली पथारी आपणच पसरतात.

परवा दोघं जुने मित्र घरी आले. “ते मडक्यांचं सांग ना,” म्हणाले. एक सांगितला, की त्याच्या मागून दुसरा. चहा दोनदा झाला, बायको आत जाऊन झोपली, तरी मी आपला बोलतोच आहे. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

सुमार ऐंशी-ब्याऐंशीचा. पुण्यात एम.ए. झालो होतो आणि बँकेत लागलोही होतो. पण डोक्यात पुरातत्त्व! उत्खनन, तंबू, डोक्यावर हॅट, हातात छोटा ब्रश. बँकेचा राजीनामा देऊन मी पुरातत्त्व विभागातल्या सरांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो, तोवर सगळी चांगली स्थळं वाटून झाली होती. एकाला लेणी मिळाली होती, एकाला नाणी, एकाला नदीकाठची अख्खी वसाहत.

सर बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मेलेली माणसं सगळी वाटून संपली. तुम्ही जिवंत घ्या.”

या विषयाला एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं. जी माणसं आजही हातानं मडकी घडवतात, चुलीवर रांधतात, त्यांच्याकडे बघून हजारो वर्षांपूर्वीची माणसं कशी राहत असतील याचा अंदाज बांधायचा. “रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत फार स्कोप आहे,” सर म्हणाले. “मंडणगड, दापोली, खेड. अजून एकही संशोधक तिकडे गेलेला नाही!”

का गेला नव्हता, ते मला एस.टी.च्या नवव्या तासाला कळलं.

सरांची अट एकच होती. तीन वर्षांत एक नियम सिद्ध करून दाखवायचा. दहा नाही, पाच नाही, एक. नाही जमलं तर नोंदणी रद्द. बँक पुन्हा घेणार नव्हती. वडील येईल-जाईल त्याला सांगायचे, “लोक मडकी फोडतात, आमचे चिरंजीव ती गोळा करतात.” तेव्हा तो एक नियम सापडला नाही तर मी ना घरचा ना घाटचा होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

*

पहिला मुक्काम रत्नागिरी. गावोगाव हिंडायचं, लोकांची घरं मोजायची, म्हणजे हातात सरकारी पत्र हवं, असं कुणीतरी सांगितलं होतं. एका कचेरीत गेलो. खिडकीच्या काचेवर जुन्या गोष्टींशी संबंधित असं काहीतरी लिहिलेलं होतं, एवढ्या आधारावर आत शिरलो.

टेबलामागच्या गृहस्थांनी माझा अर्ज आधी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. मग खास रत्नागिरीच्या हेलात, एकेक शब्द सुटा करून, विचारलं, “गड आहे का?”

“नाही.”

“शिलालेख?”

“नाही. कुंभार आहेत.”

“कुठल्या काळातले?”

“आत्ताचे.”

“म्हणजे हयात?”

“हो.”

त्यांनी अर्जाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर राग नाही, चेष्टा नाही, निव्वळ सहानुभूती.

“तुम्ही असं करा,” ते म्हणाले. “पाचशे वर्षांनी या. तेव्हा हे आमच्याकडे येईल.”

पत्राशिवायच मी मंडणगडची गाडी पकडली.

*

गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. कुंभारवाडी बारा घरांची. शाळेच्या गुरुजींनी मला आपल्या ओटीवर जागा दिली आणि दुसऱ्याच दिवशी धोंडूकाका आणि येसूकाकी या जोडप्याकडे नेऊन बसवलं. वाडीत चालू चाक आता एकट्या धोंडूकाकांचं, बाकीच्या घरांतले हात मुंबईला गेलेले. माणूस कमी बोलायचा. त्यांचा कोटा काकी भरून काढायच्या.

गुरुजींनी ओळख करून दिली, “हे पुण्याचे साहेब. फुटक्या मडक्यांचा अभ्यास करतात.”

काकांनी चाक थांबवलं. “आनि चांगल्या मडक्यांचा कोन करतो?”

मी ठरवून आलो होतो, की पद्धत पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत समजावून सांगायची. म्हटलं, “काका, असं समजा, हजार वर्षं झाली. तुम्ही नाही, काकी नाहीत, वाडी नाही. फक्त जमिनीत तुमची खापरं उरली आहेत. त्यांच्यावरून तुम्ही कसे राहत होता, काय खात होता, हे मला ओळखायचंय. म्हणून मी इथे बसून, तुम्ही नाहीच आहात असं समजून, सगळं बघणार!”

बोलता बोलता माझा मलाच अभिमान वाटला. विभागातल्या चर्चासत्रात एवढं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

येसूकाकी तेवढ्यात कपबशी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

“आमी नाय?”

“नाही. म्हणजे, समजायचं.”

“मंग ह्यो चा कुनी केला?”

आणि कपबशी घेऊन आत गेल्या! गुरुजींनी माझ्या वतीनं माफी मागितल्यावर पंधरा मिनिटांनी तो चहा परत बाहेर आला. गार. मी तो एका घोटात संपवला आणि ‘काकी, झकास’ म्हटलं. त्या दिवसापासून वाडीतल्या कुणालाही मी पुन्हा कधी मारलं नाही.

*

आता उकिरड्याचं सांगतो. आमच्या शास्त्रात उकिरड्याला सोन्याचं मोल. माणूस तोंडानं खोटं बोलेल, त्याचा कचरा बोलत नाही, असं आम्ही अगदी गंभीरपणे म्हणायचो.

धोंडूकाकांच्या घरामागचा उकिरडा मी निवडला. दर महिन्याला येऊन त्यात किती खापरांची भर पडली ते मोजायचं, असा बेत. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, नकाशा काढला आणि पुण्याला जाताना काकींना सांगितलं, “मी पुढच्या महिन्यात येऊन हे सगळं बारकाईनं बघणार आहे हं!”

पुढच्या महिन्यात आलो. उकिरडा गायब! जागा झाडून, सारवून लख्ख. चार खुंट्यांच्या मधोमध काकींनी रांगोळी काढलेली. “तुमी बगनार म्हनलात,” काकी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. “पावन्याला काय घान दाखवायची?”

मी कपाळाला हात लावला. मग शांतपणे, एकेक शब्द तोलून सांगितलं, “काकी, या जागेला आता कुणी हात लावायचा नाही. झाडायचं नाही, सारवायचं नाही. काहीही करायचं नाही.”

त्याच्या पुढच्या महिन्यात आलो. रांगोळी पावसानं धुऊन गेलेली, बाकी जागा जशीच्या तशी. एक खापर नाही, राखेची चिमूट नाही. वहीच्या डाव्या पानावर मी लिहिलं : ‘आश्चर्यकारक. घरातून अजिबात कचरा बाहेर पडत नाही. कारण शोधावे.’

कारण शोधावं लागलं नाही. ते स्वतःच चालत आलं. शेजारच्या परड्यातून गंगाराम नावाचे गृहस्थ हातात पाटी घेऊन आले. पाटीत राख, माशांचे काटे आणि तीन मडक्यांची खापरं.

“तुमी पुन्याचे साहेब ना?” त्यांनी पाटी माझ्या पायाशी ओतली. “तुमची पीएच.डी. तुमच्याकडं ठेवा. माज्या परड्यात नको!”

शेजारी-शेजारी तीस वर्षांचा सलोखा होता, तो माझ्या संशोधनानं दोन महिन्यांत मोडला. तो जोडायला गुरुजींना मध्ये पडावं लागलं. खापरं मात्र मी मोजली. सत्तावीस होती. तेवढं एक डावं पान भरलं.

*

मग म्हटलं, उकिरडा राहू दे, माणसांनाच विचारू. रांधायचं मडकं किती दिवस टिकतं, हा आमच्या शास्त्रातला फार महत्त्वाचा प्रश्न. मडक्याचं सरासरी आयुष्य कळलं, की खापरांवरून लोक त्या जागी किती वर्षं राहिले त्याचा हिशेब लागतो. सरांच्या भाषेत, इथे नियम सापडण्याला वाव होता.

मी छापील तक्ता घेऊन घरोघर गेलो. भाजणी कशी, माती कुठली, चूल किती आचेची, भांडं किती जाडीचं, असे अठरा रकाने.

पहिल्या घरात बाई म्हणाली, “दोन वर्सं टिकतं.” दुसऱ्या घरात तेच माप, तीच माती, त्याच काकांच्या हातचं मडकं. तिथली बाई म्हणाली, “चार म्हैने.” तिसऱ्या घरी दीड वर्ष, चौथ्या घरी दोन महिने! दोन रात्री मी डोकं खाजवत बसलो. माती तीच, भट्टी तीच. मग फरक कशानं?

शेवटी येसूकाकींना शरण गेलो. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून घरांची नावं आणि आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. त्या भाकरी थापत ऐकत होत्या. यादी संपल्यावर त्यांनी विचारलं, “जावांचं लिवलाय?”

“कसलं?”

“ज्या घरात दोगी जावा, तितं चार म्हैने. ज्या घरात सासू वारली, तितं दोन वर्सं.” त्यांनी भाकरी तव्यात टाकली. “आनि ज्या घरात तिगी जावा आनि नवरे मुंबैला, तितं मी सोता जाऊन सांगून आल्ये, बायांनो, पितळेची घ्या.”

कुंभाराच्या बायकोनं गिऱ्हाइकाला मडकं घेऊ नका म्हणून सांगावं, यावरून काय ती परिस्थिती समजा! गुरुजींच्या ओटीवर येऊन मी आकडे पुन्हा मांडले. काकींचा नियम बारापैकी अकरा घरांना लागू पडला. माझ्या अठरा रकान्यांतला एकही लागू पडला नव्हता.

सरांना सविस्तर पत्र लिहिलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं : ‘उत्खननात जावा सापडत नाहीत. दुसरे काही पाहा.’

*

तेव्हा एक फॅशन होती. संशोधकानं ज्यांचा अभ्यास करायचा, त्यांचं काम स्वतः करून बघावं. मीही ठरवलं, मडकं घडवायचं.

काकांनी आधी नको म्हटलं. मग माझी चिकाटी बघून चाकाजवळ जागा दिली. पहिल्या दिवशी माती माझ्या हातातून निसटून गुरुजींच्या धोतरावर बसली. दुसऱ्या दिवशी कुणी बघायला बसलं नाही. चौथ्या दिवशी मात्र चाकावर काहीतरी उभं राहिलं! एका बाजूला कलतं, पोटाशी फुगलेलं, तोंड जरा वासलेलं. पण उभं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही.

काकांनी ते न हसता वाळवलं, आपल्या मडक्यांबरोबर भाजलं आणि तालुक्याच्या बाजाराला निघताना हाऱ्यात घातलं. मीही मागोमाग गेलो. आपण घडवलेली वस्तू प्रत्यक्ष व्यवहारात कशी उतरते, याची नोंद घ्यायची होती. निदान मनाला तसं सांगितलं होतं.

दोन तास कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मग एक बाई आली. चार मडकी वाजवून बघितली आणि नेमकं माझंच उचललं! मी श्वास रोखून उभा. तिनं ते कानाशी नेऊन टिचकी मारली. आवाज काही बरा आला नसावा. तिनं ते फिरवून काकांना विचारलं, “काय वो, ह्याला काय झालं?”

काका जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते आणि मी समोर उभा होतो. बिचारे अडचणीत सापडले. त्यांनी मडकं हळूच तिच्या हातातून काढून घेतलं, पाठीमागे ठेवलं आणि म्हणाले,

“ते नको. ते पुन्याचं हाय.”

बाईनं समजल्यासारखी मान हलवली आणि दुसरं घेतलं. पुण्याबद्दल तिला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. परत येताना ते मडकं माझ्या मांडीवर होतं. वाडी दिसायला लागल्यावर काका एवढंच म्हणाले, “आवाज सोडला तं बाकी ब्येस हाय.”

*

अशी दोन वर्षं गेली. तिसरं लागलं आणि मला एकदाचा नियम सापडला!

नियम असा : जितक्या चुली, तितकी कुटुंबं. भाऊ वेगळे झाले, की आधी चूल वेगळी होते, हे तर आपल्याला घरोघर माहीत असतं. चुलीखालची माती भाजून लाल होते आणि शेकडो वर्षं तशीच राहते. म्हणजे उत्खननात चुली मोजल्या, की कुटुंबं कळली, कुटुंबं कळली, की माणसं कळली. मी हर्षभरित होऊन वाडीच्या बारा घरांतल्या चुली मोजल्या. मग म्हटलं, आता माणसं मोजू, म्हणजे ताळा होईल.

पहिल्याच घरात म्हातारी दारात बसली होती. विचारलं, “आजी, घरात माणसं किती?”

“कुटल्या म्हैन्यातली?”

ती बोटं मोजायला लागली. “आता आमी तिगं. शिमग्याला धा. गनपतीला मुंबैवाले समदे आले की बावीस. त्यातला आनंदा औंदा येतो का नाय, ते त्याच्या मुकादमाला इचारा.”

“आणि चूल?”

“चूल एकच. बावीस मानसं आली म्हनून चुलीला काय पिल्लं व्हतात?”

वाडीतल्या प्रत्येक घराचा आकडा असा भरती-ओहोटीसारखा खालीवर होत होता. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. सरांना मी नियम कळवून बसलो होतो. त्यांचं पोस्टकार्ड आलं, आयुष्यातलं सगळ्यांत लांब, चक्क पाच ओळींचं : ‘माणसांचे राहू द्या. चुलींचे सिद्ध करा. एखादे सोडून दिलेले घर निवडा. फक्त जमीन पाहून चुली किती व कुठे ते लिहून पाठवा. मग त्या घरात नांदलेल्या व्यक्तीला मी स्वतः येऊन विचारीन. जुळले तर प्रबंध पुढे. न जुळल्यास नोंदणीबाबत मला निर्णय घ्यावा लागेल.’

*

वाडीच्या टोकाला एक मोडकं घरठाण होतं. छप्पर, वासे, सगळं केव्हाच उतरवून नेलेलं. उरलं होतं चिऱ्यांचं जोतं आणि त्यावर माजलेलं गवत. त्या घरात लग्न होऊन आलेली एकच बाई हयात होती, भागीआजी. आता पुतण्याकडे राहायची. वय तिलाही माहीत नव्हतं, पण नजर शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

मी त्या जोत्यावर महिनाभर घालवला. गवत काढलं, वीत वीत माती खरवडली, भाजलेल्या मातीचे ठिपके नकाशावर उतरवले. निष्कर्ष लिहिला : चुली दोन, दोन्ही मागच्या खोलीत, ईशान्येच्या कोपऱ्यात, शेजारी शेजारी. सबब भाऊ दोन. पाकीट लाखेनं बंद करून सरांना पाठवलं. पाकिटात काय आहे, हे मी गुरुजींनाही सांगितलं नाही. काकाकाकींनाही नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र!

आणि भागीआजीशी तर बोलणंच बंद केलं. चुकून तिच्या तोंडून काही कानावर पडलं तर परीक्षाच बाद. ती पाणंदीत समोरून दिसली, की मी बांध चढून दुसऱ्या वाटेनं जायचो. तिनं हाक मारली तर न ऐकल्यासारखं करायचो. तीन-चार महिने हे चाललं. मग एकदा येसूकाकी म्हणाल्या, “भागीआत्या इचारीत व्हती, पुन्याचा पोर माज्यावर कशाला रागावलाय? मी त्याला काय बोलल्ये?” मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण तरी तिच्याकडे गेलो नाही. माझी पीएच.डी. होती ना!

शेवटी गुरुजींनी परस्पर तिची समजूत काढली. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले होते, “आजी, रागावलेला नाही तो. त्याची परीक्षा आहे. साहेब येऊन तुम्हाला विचारणार. तुमच्या उत्तरावर ह्याचं पास-नापास. नापास झाला तर शिक्षण बंद, नोकरी आधीच सोडलीय.”

सर आले त्या दिवशी अख्खी वाडी जोत्याभोवती जमली होती. गंगारामसुद्धा शेजारच्या दगडी गडग्यावर येऊन बसले होते. घाटाच्या वळणांनी सरांचा चेहरा हिरवट झाला होता, पण शिस्त तीच. खिशातून माझं बंद पाकीट काढलं, सगळ्यांना लाख दाखवली आणि पुन्हा खिशात ठेवलं. मला त्यांनी जोत्याच्या पार खालच्या अंगाला उभं केलं.

भागीआजी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. माझ्याकडे बघून तिनं डोळ्यांनीच धीर दिला.

“आजी,” सरांनी विचारलं, “या घरात चूल कुठे होती?”

आजी ताडताड चालत मागच्या बाजूला गेली आणि ईशान्येच्या कोपऱ्यात पायाचा अंगठा टेकवला. “हितं.”

बरोब्बर! मी दोन्ही मुठी आवळल्या. सरांनी वहीत लिहिलं.

“एकच होती?”

आजीनं माझ्याकडे बघितलं. मी प्रामाणिक संशोधक. झटकन मान वळवून फणसाच्या झाडाकडे बघायला लागलो.

“नाय,” आजी चाचरत म्हणाली. “दोन.”

दुसरंही बरोबर! माझ्या डोळ्यांपुढे जाडजूड प्रबंध तरळला, त्यावर सोनेरी अक्षरं. पण सरांची लेखणी थांबली होती. आजी बोलण्याआधी माझ्याकडे बघते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ते सावकाश चालत जोत्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे गोठा होता हे कुणालाही दिसत होतं, गुरं बांधायचे खुंटे अजून जमिनीत होते.

“आणि इथे?”

आजीनं गोठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी फणसाकडे.

“व्हय,” ती म्हणाली. “हितं पन व्हती.”

“अंगणात?”

“तितं मोटी व्हती.”

“पडवीत?”

“पडवीत पावसाळ्याची.”

गडग्यावरून गंगाराम कळवळून ओरडले, “आत्ये, बास!”

सरांनी वही मिटली. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “आजी, घाई नाही. नीट आठवा आणि मला खरं सांगा. या घरात एकूण चुली किती होत्या?”

आजी विचारात पडली. तिनं सरांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. या खेपेला मला फणस सापडेना. मग ती दोन पावलं सरांच्या जवळ गेली आणि सगळ्या वाडीला ऐकू येईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाली,

“पोर पास व्हायला किती लागतात?”